पायडलवर चालणारी आणि उडणारीही तीनचाकी: कितपत शक्य, कितपत उपयोगी?

वाळव्याचा_फिटर:

नमस्कार. मी वाळवा तालुक्यात शेतीच्या अवजारांची दुरुस्ती आणि फॅब्रिकेशन करणारे छोटे वर्कशॉप चालवतो. कंबरेच्या दुखण्यामुळे साधी सायकल सोडावी लागली, तेव्हा मी स्वतःसाठी एक तीनचाकी बनवली. तिला पुढे दोन आणि मागे एक चाक आहे आणि आरामखुर्चीत बसल्यासारखे रेलून, पाय समोर ताणून पायडल मारावे लागतात. एक इंची चौकोनी पाइपाचा सांगाडा, जुन्या गिअरच्या सायकलीचा मागचा संच आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक एवढ्यावर ती उभी आहे. शेजारच्या खताच्या दुकानातील काट्यावर तिचे वजन २७ किलो भरले. सपाट रस्त्यावर मी ताशी १६ ते १८ किलोमीटर वेगाने तासभर जाऊ शकतो. माझे वय ५१ आणि वजन ७४ किलो आहे.

प्रश्नाचे मूळ आमच्या नदीत आहे. माझी बहीण कृष्णेच्या पलीकडच्या गावात दिलेली आहे. तिच्या घराची कौले आमच्या घाटावरून दिसतात, पण पावसाळ्यात कोयनेचा विसर्ग वाढून मधला फरशी पूल बुडाला की तिच्याकडे जाण्यासाठी २२ किलोमीटरचा वळसा पडतो. गेल्या पावसाळ्यात तिचा मुलगा आमच्याकडे चार दिवस अडकला. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि त्या चार दिवसांत माझ्या तीनचाकीकडे पाहून त्याने पुढील कल्पना मांडली. पॅराग्लायडरचा कापडी पंख घडी करून मागच्या कॅरिअरवर ठेवायचा, पाठीमागे सव्वा मीटर व्यासाचा लाकडी प्रोपेलर बसवायचा आणि मधल्या शाफ्टवर असा क्लच द्यायचा की रस्त्यावर पायडलचा जोर चाकाला मिळेल आणि वेग आल्यावर तोच जोर प्रोपेलरकडे वळवता येईल. पुरातही पात्र साधारण ३०० मीटर रुंद असते. आम्हाला ढगांत जायचे नाही, पाण्यावरून पाच-सात मीटर उंचीने पलीकडे उतरता आले तरी पुरे.

वेल्डिंग, लेथ, चेन, बेअरिंग यांचे काम मला येते, हवेचे गणित येत नाही. म्हणून जाणकारांना विचारतो, की हे यंत्र प्रत्यक्षात येण्यासारखे आहे का, त्याला किती शक्ती लागेल आणि असे काही कोणी आधी केले आहे का? थट्टा झाली तरी चालेल, पण कारण सांगून करावी.

गणिताचे_मास्तर:

फिटरदादा, कारण मागणाऱ्याची थट्टा कोणी करणार नाही. आपण वजने काट्यावर करून दिलीत हे फार बरे झाले, कारण या प्रश्नाचे निम्मे उत्तर वजनातच आहे.

आपण ७४ किलो, तीनचाकी २७, पंख त्याच्या दोऱ्यांसह सुमारे ६ आणि प्रोपेलर, शाफ्ट, क्लच, जाळी मिळून ७ किलो धरू. एकूण ११४ किलो झाले. शिकाऊ लोक वापरतात तसा साधा पॅराग्लायडर शांत हवेत ताशी सुमारे ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने पुढे जातो आणि प्रत्येक ८ मीटर पुढे सरकताना १ मीटर खाली येतो. या आठास एक प्रमाणाचा सरळ अर्थ असा, की तो खाली न येता सपाट उडत राहावा असे वाटत असेल, तर वजनाच्या आठव्या भागाइतका रेटा त्याला पाठीमागून सतत मिळाला पाहिजे. ११४ भागिले ८ म्हणजे जवळजवळ १४ किलोचा रेटा. तो सेकंदाला १० मीटर वेगाने देत राहायचा म्हणजे साधारण १,४०० वॅट झाले. प्रोपेलर काही मिळालेली सगळी शक्ती रेट्यात बदलत नाही. हाताने कोरलेल्या प्रोपेलरने ७० टक्के दिले तरी मी त्याला शाबासकी देईन. म्हणजे पायडलवर २,००० वॅट हवेत. यात तीनचाकीचा सांगाडा, चाके आणि आपले समोर ताणलेले पाय यांना होणारा हवेचा विरोध मी धरलेलाच नाही.

आता दुसरी बाजू पाहू. रोज सायकल चालवणारा, पण शर्यतीत न उतरणारा माणूस तासभर १०० ते १५० वॅट देतो. कसलेले शर्यतपटू तासभर ३०० ते ४०० वॅट देऊ शकतात. आपला वेग आणि तीनचाकीचे वजन पाहता आपण आज शंभराच्या आसपास असाल. आवश्यक शक्ती त्याच्या वीसपट आहे. गिअर कसेही लावले तरी ही तूट भरून निघत नाही, कारण गिअर जोर आणि वेग यांची अदलाबदल करतो, शक्ती वाढवत नाही.

जुनी_मासिके:

मास्तरांचे गणित बरोबर आहे, परंतु त्यावरून कोणी असा समज करून घेऊ नये की माणूस स्वतःच्या पायांच्या जोरावर उडालेलाच नाही. तो उडालेला आहे आणि त्याची हकिगत आपल्या भाच्याने मुद्दाम वाचावी अशी आहे.

आपल्या कल्पनेला सर्वांत जवळची, म्हणजे रस्त्यावरची सायकलच उडवण्याची खटपट फ्रान्समध्ये झाली. १९२१ च्या जुलैमध्ये गॅब्रिएल पूलँ या सायकलपटूने पंख लावलेल्या सायकलीवरून दहा मीटरपेक्षा अधिक अंतर अधांतरी काटले आणि पेजो कंपनीने ठेवलेले बक्षीस मिळवले. त्या सायकलीला प्रोपेलर नव्हता. जीव खाऊन पायडल मारायचे, वेग आला की पंखाचा कोन बदलायचा आणि साठलेल्या वेगावर हवेत झेपावायचे, एवढेच. त्याला मी लांब उडी म्हणेन, उड्डाण म्हणणार नाही.

खरे उड्डाण १९६१ मध्ये झाले. हेन्री क्रेमर या उद्योगपतीने १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये मानवी शक्तीच्या विमानासाठी ५,००० पौंडांचे बक्षीस जाहीर केले होते. त्यासाठी साउदॅम्प्टन विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी बनवलेले ‘सुम्पॅक’ ९ नोव्हेंबर १९६१ रोजी लॅशॅमच्या धावपट्टीवरून ६४ मीटर उडाले. आपल्याला आवडेल अशी गोष्ट म्हणजे त्यात पायडलचा जोर जमिनीवरच्या चाकालाही मिळत होता आणि प्रोपेलरलाही. म्हणजे चाक आणि प्रोपेलर एकाच पायडलवर चालवण्याची आपल्या भाच्याची युक्ती साठ वर्षांपूर्वीच हवेत जाऊन आली आहे. अडले ते तिथे नाही.

बक्षिसासाठी अर्ध्या मैलावर रोवलेल्या दोन खांबांभोवती इंग्रजी आठ काढायचा होता आणि सुरुवातीला व शेवटी १० फूट उंची गाठायची होती. अठरा वर्षे ते कोणाला जमले नाही. पुढे रक्कम ५०,००० पौंड झाली. कॅलिफोर्नियातील पॉल मॅकक्रेडी हे हवामानाचे आणि ग्लायडिंगचे जाणकार होते. नातेवाइकाच्या धंद्याला जामीन राहिल्यामुळे त्यांच्या अंगावर मोठे कर्ज आले होते आणि बक्षिसाची रक्कम त्या कर्जाच्या जवळपास जाते, हे त्यांच्या लक्षात आले. (जामीन राहून बुडालेली माणसे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, त्यातून विमान काढणारे हे एकटेच.) त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्या, पियानोची तार आणि पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा घेऊन सुमारे २९ मीटर पंखांचे ‘गॉसमर काँडॉर’ बांधले. त्याचे रिकामे वजन ३२ किलोंच्या आसपास होते. ते वारंवार पडायचे आणि तुटायचे, पण इतरांना दुरुस्तीला महिने लागत तिथे हे लोक चिकटपट्ट्या लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा उडत. २३ ऑगस्ट १९७७ रोजी ब्रायन ॲलन या सायकलपटूने त्यावर बक्षीस जिंकले. १२ जून १९७९ रोजी त्याच ॲलनने ‘गॉसमर अल्बट्रॉस’मधून इंग्लिश खाडी ओलांडली. अंतर ३५.८ किलोमीटर आणि वेळ २ तास ४९ मिनिटे.

त्या प्रवासातला एक प्रसंग नदी ओलांडू पाहणाऱ्याने लक्षात ठेवावा. तयारी साधारण दोन तासांची होती, समोरून वारा सुटला, पिण्याचे पाणी संपले, रेडिओ बंद पडला, पायांत गोळे येऊ लागले. शेवटी ॲलनने हार मानून खालच्या बोटीला दोर अडकवण्याची खूण केली आणि दोर अडकवता यावा म्हणून विमान थोडे वर घेतले. वर गेल्यावर त्याला हवा अधिक शांत लागली, म्हणून दोर नाकारून तो पुढे गेला. ही शर्यतीचा सराव असलेल्या तरुणाची गोष्ट आहे आणि तोही जेमतेम पोहोचला.

त्यानंतर १९८८ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या चमूचे ‘डेडॅलस’ ग्रीसमध्ये क्रीट बेटावरून सँटोरिनीपर्यंत ११५ किलोमीटर उडाले. पायडल मारणारा कानेलोस कानेलोपुलोस हा ग्रीसचा अव्वल सायकलपटू होता. जवळजवळ चार तास उडून किनारा काही मीटरवर आला, तेव्हा वाऱ्याच्या झोतांनी विमान मोडून पाण्यात पडले. तो पोहत किनाऱ्याला लागला.

वाळव्याचा_फिटर:

दोघांचेही आभार. भाच्याने हे दोनदा वाचले आणि मग मला मोठ्याने वाचून दाखवले. आमच्या दोन शंका आहेत.

पहिली अशी, की त्या विमानांना एका माणसाच्या पायांची शक्ती पुरते आणि आम्हाला २,००० वॅट लागतात, हा फरक नेमका कशामुळे पडतो? वजन तर त्यांचे आणि आमचे दुप्पटही नाही. दुसरी शंका नदीच्या रुंदीची. ३०० मीटर म्हणजे ३६ च्या वेगाने अर्ध्या मिनिटाचे काम आहे. तासभर नको, अर्धा मिनिट जीव लावला तर?

गणिताचे_मास्तर:

दोन्ही शंका योग्य आहेत. पहिलीचे उत्तर पंखांच्या लांबीत आहे.

विमान हवेला खाली ढकलते आणि त्या बदल्यात वर उचलले जाते. पंख लांब असतील तर पुष्कळ हवेला हलकेच ढकलून भागते. पंख आखूड असतील तर थोड्याच हवेला जोराने ढकलावे लागते आणि तो जोर वाया जातो. हौदातून पाणी उपसताना परातीने संथपणे काढणे आणि पेल्याने घाईघाईने काढणे यांत जो फरक, तोच हा फरक आहे. गणितात सांगायचे तर ही किंमत एकाच वेगाला वजनाच्या वर्गाच्या पटीत वाढते आणि पंखविस्ताराच्या वर्गाच्या पटीत कमी होते. वजन दुप्पट केले तर किंमत चौपट. पंख तिप्पट लांब केले तर किंमत नवव्या हिश्श्यावर.

अल्बट्रॉसचे पंख जवळजवळ ३० मीटर आणि माणसासह वजन ९५ किलोंच्या आसपास होते. ताशी २० किलोमीटर धरले तर केवळ अधांतरी राहण्याची किंमत साधारण ९० वॅट येते. शिवाय ते पाण्यापासून दीडेक मीटरवरून उडत असल्यामुळे ती आणखी घटते, कारण पृष्ठभाग जवळ असला की खाली ढकललेल्या हवेला पसरायला वाव राहत नाही. आपला कापडी पंख १० मीटर धरला, तर ११४ किलोसाठी ३६ च्या वेगाला हीच किंमत ६६० वॅटच्या घरात जाते. उरलेले सातशे-साडेसातशे वॅट कापड, दोऱ्या आणि माणूस यांच्या हवेतील घर्षणाचे आहेत. पॅराग्लायडरच्या दोऱ्या दिसायला सुतासारख्या असल्या, तरी त्यांची एकूण लांबी शेकडो मीटर असते आणि हवेला प्रत्येक मीटर मोजावा लागतो.

इथेच तीनचाकीचा आणि विमानाचा संसार जमत नाही. तीनचाकीला खड्डे सोसायचे असतात, म्हणून तिला जाड पाइप, रुंद टायर, ब्रेक लागतात. पायांवर उडणाऱ्या विमानाला यातला प्रत्येक किलो वर्गाच्या हिशेबाने महाग पडतो. संपूर्ण अल्बट्रॉस ३२ किलोंचे आणि आपली एकटी तीनचाकी २७ किलोंची. उलट, ३० मीटरचे विमान रस्त्यावर न्यायचे म्हटले तर आपल्याकडे गाळपाच्या हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या समोरासमोर आल्या की सायकलला बाजूला व्हायला जागा नसते, तिथे त्याचे काय होईल हे मी सांगायला नको.

आता अर्ध्या मिनिटाबद्दल. तंदुरुस्त माणूस ३० सेकंद ४०० ते ५०० वॅट देऊ शकतो. बंदिस्त ट्रॅकवर धावणारे निष्णात सायकलपटू तेवढ्याच वेळात १,००० च्या पुढे जातात, तरीही २,००० दूरच राहतात. शिवाय सात मीटर उंची मिळवण्याचा खर्च वेगळा. ११४ किलो सात मीटर उचलायला लागणारी ऊर्जा २० सेकंदांत द्यायची, तर प्रोपेलरची तूट धरून आणखी साडेपाचशे वॅट हवेत. मात्र एक गोष्ट आपल्या बाजूने आहे. आठास एक या प्रमाणाने ३०० मीटर पार करायला फक्त ३८ मीटर उंची लागते. आपल्या घाटावर तेवढा उंच कडा असता, तर पायडलला हातही न लावता, म्हणजे पायही न लावता, आपण पलीकडे उतरला असतात. कृष्णाकाठ सपाट आहे, त्याला इलाज नाही.

कामशेतकर:

मी गेली नऊ वर्षे पॅराग्लायडिंग करतो आणि सुट्टीत बहुधा कामशेतच्या डोंगरांवर असतो. वॅटचा हिशेब मास्तरांनी केलाच आहे. मला पुराच्या दिवसाबद्दल लिहायचे आहे, कारण काका, आपल्याला हे यंत्र नेमके ज्या दिवशी हवे आहे त्या दिवशी कोणताही शहाणा वैमानिक पंखाची पिशवी उघडत नाही.

आमच्याकडे हंगाम ऑक्टोबर ते मे असतो. पावसाळ्यात उड्डाण बंद ठेवण्याचे कारण फक्त अंग भिजणे हे नाही. पंखाचे कापड भिजले की ते जड होते, त्याच्या वरच्या पृष्ठभागावरून हवा सुरळीत वाहत नाही आणि अशा वेळी ब्रेकच्या दोऱ्या (पंखाचा मागचा काठ खाली ओढून वेग कमी करणाऱ्या) थोड्या जास्त ओढल्या गेल्या तर पंख फुगलेला दिसतो, पण पुढे न जाता सरळ खाली बसू लागतो. उंची असेल तर त्यातून बाहेर पडता येते. आपण म्हणता त्या पाच-सात मीटरवर ते कळेपर्यंत पाणी आलेले असते. आणि खाली तीनचाकीला पट्ट्यांनी बांधलेला माणूस, वर दोऱ्यांचे जाळे, भोवती पुराचे पाणी. पंख अंगावर पडून दोऱ्यांत गुरफटणे ही शांत तलावातसुद्धा जिवावर बेतणारी गोष्ट असते.

दुसरे म्हणजे वारा. ताशी ३६ चा पंख आणि समोरून २० चा वारा असेल तर जमिनीच्या हिशेबाने आपण १६ ने पुढे सरकतो, म्हणजे अर्ध्या मिनिटाचे उड्डाण मिनिटाच्या पुढे जाते आणि पायांचा जोर त्या आधीच संपलेला असतो. झोताची ताकद काय असते याचा मला एकदा चांगला अनुभव आला. उतरून, हेल्मेटचा पट्टा सोडताना मी पंख खाली पाडायला दोन सेकंद उशीर केला आणि मागून आलेल्या एका झोताने सहा किलोच्या कापडाने मला कापलेल्या भाताच्या धसांतून पंधरा-वीस पावले फरफटत नेले. दोन्ही कोपर सोलले गेले. तेव्हा माझ्या अंगाला २७ किलो लोखंड बांधलेले नव्हते.

मानवी शक्तीची जी विमाने वर सांगितली गेली तीही बहुतेक पहाटेच्या निवांत हवेत उडालेली आहेत. क्रेमर बक्षिसांत पुढे १,००,००० पौंडांचे एक वेगळे बक्षीस, नेहमीच्या वाऱ्यातही वापरता येईल अशा खेळाच्या विमानासाठी ठेवावे लागले, यातच आधीच्या विमानांची मर्यादा दिसते.

परवानगीचेही पाहून ठेवा. राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण २०२२ मध्ये पॅराग्लायडिंग आणि पॅरामोटरिंग (मोटरचा पंखा लावून केलेले पॅराग्लायडिंग) यांच्याबरोबर हौशी बनावटीच्या, प्रायोगिक विमानांचाही समावेश आहे, म्हणजे हा विषय कायद्याच्या बाहेरचा नाही. मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादव यांना नोंदणी मिळाली ती २०१७ मध्ये, अनेक वर्षांच्या पाठपुराव्यानंतर. ते स्वतः व्यावसायिक वैमानिक आहेत, हेही ध्यानात घ्यावे.

विद्युतवेडा:

सर्वांनी इतके निराश करू नये, म्हणून एक मधला मार्ग सुचवतो. पायडल जमिनीपुरते ठेवावे आणि हवेत मोटर वापरावी. २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये ‘पॅराव्हेलो’ नावाची उडणारी सायकल दाखवली गेली होती. तीत घडीची सायकल, मागे जोडगाडी, जोडगाडीत मोठा पंखा आणि वर पॅराग्लायडरचा पंख अशीच मांडणी होती, मात्र हवेत पंखा फिरवायला जैवइंधनाचे इंजिन होते. आपल्याकडेही तीन चाकांचे पॅरामोटर चालतात. कागदावरचे २,००० वॅट प्रत्यक्षात सांगाड्याच्या विरोधामुळे वाढतील, म्हणून चढाईसह ५ ते ६ किलोवॅटची मोटर आणि तिला पाच-दहा मिनिटे पुरेल अशी बॅटरी धरली तर दहा-बारा किलो वजन वाढेल. रस्त्यावर तीच बॅटरी आपल्या पायांना मदत करील.

कामशेतकर:

हे जमू शकते, पण मग तो मोटरचा पॅरामोटर झाला आणि त्याला लावलेली पायडले हे हवेत नेलेले ओझे झाले. शिवाय त्यानेही पुराच्या दिवसाचा प्रश्न सुटत नाही, कारण पाऊस आणि वारा मोटर पाहून थांबत नाहीत. काका, दोन्ही हौशी एकत्र भागवण्याचा माझ्या मते एकच रास्त मार्ग आहे. तीनचाकीला मागे हलकी जोडगाडी लावावी, तीत पंखाची पिशवी ठेवावी, डोंगराच्या पायथ्यापर्यंत पायडल मारत जावे, वर चालत चढावे आणि शिकल्यानंतर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली वरून उडावे. तीनचाकी खाली झाडाखाली वाट पाहील.

जुनी_मासिके:

मोटर नको आणि पंखांचा विस्तार कमी हवा असा हट्ट असेल, तर भाच्याने जर्मनीच्या ग्युंटर रोखेल्ट यांच्या ‘मस्क्युलेअर’ विमानांचा अभ्यास करावा. १९८४ मध्ये त्यांच्या मुलाने पहिल्या मस्क्युलेअरमधून धाकट्या बहिणीला बरोबर घेऊन उड्डाण केले आणि १९८५ मध्ये दुसऱ्याने ताशी ४४ किलोमीटरचा वेग गाठला. त्याचे पंख २० मीटरच्या आत होते. परंतु ते साधले कार्बन फायबर, काचेसारखा गुळगुळीत पृष्ठभाग आणि चालकाला पूर्ण झाकणारे निमुळते कवच यांमुळे. आणि सरळ वर उठण्याचा विचार कोणाच्या मनात येण्यापूर्वीच सांगतो, की २०१३ मध्ये कॅनडात ‘ॲटलस’ हे पायडलचे हेलिकॉप्टर ६४ सेकंद हवेत राहून ३.३ मीटर उंच गेले. त्याला सुमारे २० मीटर व्यासाची चार फिरती चक्रे (रोटर) होती आणि ते बंदिस्त क्रीडागृहात उडवले गेले.

गणिताचे_मास्तर:

फिटरदादा, आमच्यावर विश्वास ठेवू नका, मोजून पाहा. भाच्याने प्रोपेलर कोरला असेल तर तो तीनचाकीवर बसवा, मागचे चाक त्यातून सोडवा, तीनचाकी गुळगुळीत फरशीवर ठेवा आणि मागच्या बाजूने दोरीने खांबाला बांधा. दोरीच्या मध्ये स्प्रिंगचा लोंबता काटा घाला. पायडल मारल्यावर तीनचाकी पुढे ओढली जाईल आणि काटा रेटा दाखवील. आपल्याला १४ किलो हवेत. प्रोपेलरभोवती जाळी असल्याशिवाय आणि त्याच्या पात्यांच्या रेषेत कोणी उभे नाही याची खात्री केल्याशिवाय हे करू नये. लाकूड तुटले तर तुकडा बाजूलाच उडतो.

वाळव्याचा_फिटर:

मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे रविवारी मोजणी केली. प्रोपेलर सव्वा मीटरचा, भाच्याने पाइनच्या पॅकिंगच्या फळ्या चिकटवून कोरलेला. पेटीवरचे निळे शिक्के एका पात्यावर अजून दिसतात. जाळी जुन्या कूलरची दोन तोंडे कापून वेल्ड केली. चेन दोन टप्प्यांत वाढवून पायडलच्या एका फेऱ्याला प्रोपेलरचे साडेआठ फेरे मिळवले. काटा पोती तोलण्याचा, ५० किलोंचा होता, त्यावर एक-दोन किलो नीट वाचता येईनात, म्हणून भंगारवाल्याकडून रद्दीचा १० किलोंचा आणला. तो आणताना भाचा म्हणाला, “मामा, १४ ला हा पुरणार नाही.” पुरला.

मी बसलो तेव्हा पहिल्या आठ-दहा सेकंदांत काटा साडेचारच्या जवळ गेला, नंतर उतरत तीनवर आला आणि दुसऱ्या मिनिटाला अडीचवर थांबला. भाचा बसला तेव्हा पाचला टेकला आणि तो पाऊण मिनिटात खाली उतरून फरशीवर आडवा झाला. वर्कशॉपमधला लोखंडाचा बारीक कीस मात्र सगळा मागच्या भिंतीला जाऊन बसला. तीनाला चौदा म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा. आम्हाला वाटले होते की विसावा हिस्सा येईल, मग हे बरे कसे आले?

गणिताचे_मास्तर:

उत्तम मोजणी केलीत. आकडा बरा दिसतो याचे कारण तीनचाकी उभी होती. जागेवर उभ्या प्रोपेलरला समोरून येणारी हवा संथ असते, तिला ढकलणे सोपे जाते. तेच यंत्र सेकंदाला १० मीटरने पुढे जात असताना, पायडलवर २०० वॅट असले आणि ७० टक्के हाती लागले, तरी १४० वॅट भागिले १० म्हणजे १४ न्यूटन, अर्थात दीड किलोच्या आतच रेटा उरतो. तोही ते २०० वॅट आपण टिकवलेत तर. म्हणजे दहावा हिस्सा. आपण तासभराच्या चालीने पायडल मारलेत तर विसावाच येईल.

वाळव्याचा_फिटर:

समजले. भाच्याने दोन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहून घेतले आहेत. कॉलेजच्या प्रकल्पासाठी तो आता उडण्याऐवजी हा मोजणीचा साचाच नीट करून वेगवेगळ्या आकारांचे प्रोपेलर तपासणार आहे. त्याच्या सरांनी त्याला होकार दिला आहे. कामशेतकर, पावसाळा संपल्यावर तो तिकडे प्राथमिक प्रशिक्षणाला येईल, त्याला कोणती चौकशी आधी करावी लागेल ते कृपया कळवावे. मी खालीच बरा.

प्रोपेलर आता भिंतीवर खिळ्याला टांगला आहे. तीनचाकीबाबत मास्तरांचे “संपूर्ण विमान ३२ किलोंचे” हे वाक्य मात्र मनातून जात नाही. एक इंची चौकोनी पाइप मी २ मिलिमीटर जाडीचा घेतला होता. मधला मुख्य पाइप तसाच ठेवून बाकीचा सांगाडा सव्वा मिलिमीटरच्या गोल पाइपात केला, तर पुढच्या चाकांच्या आडव्या दांड्याला खड्ड्यात पीळ बसेल का, हे कोणी करून पाहिले असल्यास सांगावे.